अक्षतांच्या वेळचे फोटो

माझं लग्न ठरलं तेव्हा हॉल, जेवण आणि सोनं यांतच बाबा मेटाकुटीला आले होते. फोटोंचा विषय सगळ्यात शेवटी निघाला, तोही शेजारच्या काकूंनी सहज विचारलं म्हणून. बाबा म्हणाले, "अरे हो, ते राहिलंच की." आणि त्यांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं.

बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. आम्ही जेलरोडला राहायचो. सासर ओझरचं, सासरे तिथल्या विमान कारखान्यात होते. व्हिडिओ शूटिंग त्यांनी त्यांच्याकडे घेतलं होतं, कारण तेव्हा शूटिंगची नवलाई होती आणि त्यांच्या नात्यात एकजण तेच काम करायचा. फोटो मुलीकडच्यांनी बघायचे, असं बोलणं झालं होतं. रोलचा जमाना होता. एक रोल संपला की दुसरा घालायचा, आणि प्रत्येक वेळी बटण दाबलं की पैसे गेले, असं बाबांना वाटायचं.

फोटोग्राफर शोधायला बाबा मलाच बरोबर घ्यायचे. त्यांच्या स्कूटरवरून आम्ही मेनरोडला गेलो. तिथल्या एका स्टुडिओच्या काचेत गालाला हात लावून बसलेल्या नवरीमुलींचे मोठे मोठे फोटो होते. मालकाने आधी विचारलं, "हॉल कुठला?" बाबांनी नाव सांगितलं, तसं त्याने समोर ठेवलेला जाड अल्बम उचलून आत नेला आणि बारीक अल्बम आणला. बाबांच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे. मी मात्र पुढे काही बघितलंच नाही.

पंचवटीतल्या दुसऱ्याकडे एक करामतीचा फोटो होता. नवऱ्याच्या तळहातावर बोटभर उंचीची नवरी उभी. बाबांना तो फार आवडला. "हे कसं करतात हो?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी घरी येऊन आईला सांगितलं की मी कुणाच्या तळहातावर उभी राहणार नाही. मग बाबांच्या खात्यातले एक काका म्हणाले, "मी काढतो फुकटात, माझ्याकडे कॅमेरा आहे." त्यांनी पुतण्याच्या लग्नाचे फोटो दाखवले. त्यांत साड्या छान आल्या होत्या, डोकी बऱ्याच ठिकाणी कापली गेली होती.

अशात मला एका परीक्षेच्या अर्जासाठी पासपोर्ट फोटो लागला, म्हणून मी नाशिकरोडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहानशा स्टुडिओत गेले. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे एक स्टूल आणि दोन दिवे. फोटो काढायला बाई होत्या. तोवर मी बाईमाणसाला फोटोग्राफर म्हणून कधी पाहिलं नव्हतं. चाळिशीच्या असतील. फिकट रंगाची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात नुसती बारीक साखळी.

"बस गं," त्या म्हणाल्या. "हनुवटी जराशी खाली. आता माझ्याकडे नको बघू. आज घरातून निघताना काय केलंस ते आठव."

मी आठवायला लागले आणि तेवढ्यात त्यांनी फोटो काढलाही. दुसऱ्या दिवशी फोटो घ्यायला गेले तर त्या एवढ्याशा चौकोनात मी जशी होते तशी दिसत होते. माझ्या आधीच्या सगळ्या फोटोंत मी घाबरलेली दिसायचे. काउंटरवर उभी राहून मी विचारलं, "तुम्ही लग्नाचे फोटो काढता का?"

"काढता येतात," त्या म्हणाल्या. "बोलावत नाही कोणी."

का, ते मला कळलं नाही. बाई आहेत म्हणून असेल, असं वाटलं. घरी येऊन मी ते तसंच सांगितलं. बाबा म्हणाले, "बाईमाणूस एवढ्या गर्दीत कसं काय करणार?" आई भाजी निवडत होती. तिने एकच विचारलं, "गळ्यात काय होतं त्यांच्या?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती साडी बदलून म्हणाली, "चल, दाखव मला तो स्टुडिओ."

आईने तिथे बसून बरंच विचारलं. स्टुडिओ त्यांच्या यजमानांचा. ते होते तेव्हा बाई आतल्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायच्या, सुकवायच्या, कापायच्या. ते गेल्यावर कॅमेराही त्यांनी हातात घेतला, कारण घरात दुसरं मिळवणारं कोणी नव्हतं आणि मुलगी शाळेत होती. पासपोर्ट फोटो, शाळांचे वर्गाचे फोटो, कुणाच्या घरी कोणी गेलं तर भिंतीवर लावायला जुन्या फोटोवरून मोठा फोटो, अशी कामं त्यांना मिळायची. शुभकार्याचं एकही नाही.

"माझ्या मुलीच्या लग्नाला तुम्हीच यायचं," आई म्हणाली.

"ताई, घरात नीट विचारून ठरवा," बाई म्हणाल्या. "मला सवय आहे. मला नाही म्हटलेलं लागत नाही. पण ऐन वेळेला तुमची पंचाईत नको."

"मी विचारूनच आलेय," आई म्हणाली. तिने कुणालाही विचारलं नव्हतं.

रिक्षात मी आईला म्हटलं की बाबा काय म्हणतील. तेव्हा तिने मला एक गोष्ट सांगितली, जी मी तोवर ऐकली नव्हती. आईचं माहेर मखमलाबादकडचं, फुलशेतीवालं. आईचे वडील ती लहान असतानाच गेले. आजीने झेंडू आणि गुलाब विकून मुलं वाढवली. आईच्या लग्नातले सगळे हार आजीने स्वतः गुंफले होते, अगदी नवरा-नवरीचेसुद्धा. आणि लग्न लागलं तेव्हा आजी मागच्या खोलीत दार ओढून बसली होती. कुणी तिला बस म्हणालं नव्हतं, कारण म्हणावं लागायचंच नाही.

"मी अंतरपाटाआड उभी होते," आई म्हणाली, "आणि मला सारखं वाटत होतं, दार उघडलं तर बरं."

बाबांनी फारसा विरोध केला नाही. बाईंचे दर परवडणारे होते हे एक झालं, आणि आईने ठरवलं की बाबा त्यात पडायचे नाहीत, हे दुसरं.

हळदीच्या दिवशी बाई सकाळीच आल्या. अबोली रंगाची साडी नेसून आल्या होत्या, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. त्यांनी कुणालाही ओळीत उभं केलं नाही. त्या नुसत्या घरात वावरत राहिल्या. बायकांनी त्यांना आधी जरा बिचकत पाहिलं, मग विसरल्या. माझ्या पाठीला हळद लावणाऱ्या माझ्या मावश्या, जिन्यात एकटेच चहा पीत बसलेले बाबा, माझ्या हातात चुडा भरताना कासाराकडे रागाने बघणारी आई. हे सगळे फोटो त्या दिवशीचे. मला त्यातला एकही काढताना कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न. मी हॉलच्या मागच्या खोलीत गौरीहराजवळ बसले होते. बाई माझ्यासमोर जमिनीवर बसून फोटो काढत होत्या आणि मधूनच म्हणत होत्या, "छान. तू पूजा कर, माझ्याकडे लक्ष नको." तेवढ्यात दारातून माझ्या नवऱ्याची आत्या डोकावली. सासरच्या माणसांत त्या सगळ्यांत मोठ्या. त्यांनी बाईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आईला म्हणाल्या, "विहीणबाई, जरा बाहेर या."

दार अर्धवट उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं. बाईंनाही येत होतं.

"या फोटोवाल्या कोण?"

"नाशिकरोडला स्टुडिओ आहे त्यांचा. फार चांगले काढतात," आई म्हणाली.

"चांगले काढत असतील. माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. पण अक्षतांच्या वेळेला त्या अगदी पुढ्यात उभ्या राहणार ना? आमचा हा एकुलता एक मुलगा आहे. उद्या काही बरंवाईट झालं तर आयुष्यभर मनात राहील. तुम्हीच सांगा, तुम्हाला चालेल का?"

आत्याबाईंचा आवाज चढलेला नव्हता. भांडायच्या सुरात असत्या तर आई कदाचित भांडली असती. त्या काळजीने बोलत होत्या आणि त्यांच्या मागे सासरच्या आणखी दोघीतिघी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी आईच्या बोलण्याची वाट बघत राहिले. बाहेर भटजींनी मुलीला घेऊन या म्हणून हाक दिली. आई काहीच बोलली नाही.

बाई माझ्यासमोरून उठल्या. गुडघ्यावरची साडी झटकली आणि दाराशी जाऊन आईला म्हणाल्या, "ताई, मी बाहेर बसते. शूटिंगवाल्याच्या जोडीदाराला कॅमेरा देते, तो काढेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"आई, त्यांनाच काढू दे ना," मी म्हणाले.

"गप्प बस," आई म्हणाली. "मामा आलाय न्यायला."

बाईंनी मागे वळून मला सांगितलं, "रडू नकोस. काजळ पसरतं." आणि त्या गेल्या.

मामाने मला बोहल्यावर नेलं. अंतरपाट धरला होता, मंगलाष्टकं चालू होती. शेवटी अक्षता पडल्या आणि अंतरपाट दूर झाला. नवऱ्याकडे बघायचं सोडून मी हॉलच्या दाराकडे बघितलं. चपला काढायच्या जागेजवळ एका खुर्चीवर बाई बसल्या होत्या. रिकामी बॅग मांडीवर होती. त्यांनी मला बघितलं की नाही, सांगता येत नाही.

पंगती बसल्या तेव्हा आईने स्वतः ताट वाढून त्यांच्याकडे नेलं. त्या जेवल्या. आई त्यांच्याशेजारी उभी होती, पण दोघींत बोलणं झालेलं मला दिसलं नाही. त्यानंतर आत्याबाईच म्हणाल्या, "आता फोटो काढायला हरकत नाही. लग्न लागलंय." मग बाईंनी कॅमेरा परत घेतला आणि सासरच्या मंडळींचे फोटो काढले. आत्याबाईंचा पदर खांद्यावरून घसरला होता, तो पुढे होऊन नीट केला. "जरा उजवीकडे बघा," म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात मला काहीसुद्धा वेगळं जाणवलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मांडवपरतणीला माहेरी आले तेव्हा आई आणि मी अल्बम आणायला गेलो. बाईंनी तो आमच्यासमोर उघडून एकेक पान उलटलं. हळदीची पानं बघताना आईने तोंडाला पदर लावला. मग अक्षतांचे फोटो आले. शूटिंगवाल्याच्या त्या जोडीदाराला हाताने फोकस करायची सवय नसावी. आमच्या मागच्या भिंतीवरची झेंडूची तोरणं अगदी स्वच्छ आली होती आणि आम्ही दोघं पुसट. हार घालतानाच्या फोटोत तर कोण कोणाला हार घालतंय हेसुद्धा ओळखू येत नव्हतं.

"हे मी लावणार नव्हते," बाई म्हणाल्या. "पण मग त्या वेळचं काहीच राहिलं नसतं."

आई म्हणाली, "त्या दिवशी गर्दीच फार झाली हो." मग म्हणाली, "जेवण तरी बरं होतं ना?" मग आणखी काही बोलायला तिने तोंड उघडलं आणि पर्सची चेन लावत उठली. बाई आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या.

सासरी मी आत्याबाईंवर राग धरायचा ठरवला होता. तो काही नीट धरता आला नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात मला ताप चढला तेव्हा त्याच माझ्या उशाशी बसल्या. मुलाला अंघोळ घालायला त्यांनी मला शिकवलं. एकदा अल्बम बघताना त्या स्वतःच्या फोटोवर थांबल्या. "हा माझा फारच चांगला आलाय गं. मोठा करून आण ना, भिंतीवर लावू." मी म्हटलं, "हा त्याच बाईंनी काढलाय, आत्या." अल्बमवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "तेव्हा आम्हाला तसंच शिकवलेलं होतं." आणि मग, "पण आण मोठा करून."

मी निगेटिव्ह घेऊन गेले. बाईंनी ती उजेडाकडे धरली आणि विचारलं, "या त्याच ना?"

"हो," मी म्हणाले.

"चेहरा चांगला आहे त्यांचा," त्या म्हणाल्या आणि किती मोठा हवा ते विचारलं. तो फोटो आमच्या ओझरच्या घरात अजून आहे. आत्याबाई गेल्या तेव्हा हार घालायला दुसरा शोधावा लागला नाही.

पुढे दोन हजार सालानंतर माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. तोवर सगळीकडे कलर लॅब झाल्या होत्या आणि डिजिटल कॅमेरे दिसायला लागले होते. भावाच्या मित्राने एक फोटोग्राफर ठरवूनही टाकला होता. आईने ते मोडलं. मला फोन करून म्हणाली, "ये. आपल्याला नाशिकरोडला जायचंय." ती नव्या सुनेच्या आईशी आधीच बोलून आली होती. या वेळी तिने खरोखर विचारलं होतं.

स्टुडिओ तोच होता. काउंटरच्या निम्म्या भागात आता झेरॉक्सचं मशीन आलं होतं. बाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी आम्हाला लगेच ओळखलं, आतून खुर्च्या आणल्या, माझ्या मुलांची चौकशी केली. आई खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"माझ्या मुलाचं लग्न आहे," आई म्हणाली. "तुम्ही यायचं. आणि या वेळी अगदी पुढे उभं राहायचं. कोण काय बोलतं ते मी बघते. मी तुमच्याशेजारीच उभी राहते, मग तर झालं?"

बाई हसल्या. "नाही हो ताई. मी लग्नाची कामं घेत नाही."

"कधीपासून?"

"एकच घेतलं होतं. तुमचं." त्या मशीनमधून आलेले कागद नीट जुळवत होत्या. "तुम्ही स्वतः येऊन म्हणालात ना, म्हणून मला वाटलं होतं, जमेल. नंतरही एकजण विचारायला आले होते, तुमच्याकडचे हळदीचे फोटो बघून. त्यांना मी नाही सांगितलं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर आईला क्षमा मागायला जागा मिळाली असती. आई म्हणाली, "मग नुसत्या लग्नाला तरी या. जेवायला या." त्या म्हणाल्या, "बघते." आईने पत्रिकेवर कुंकू लावून ती त्यांच्या हातात दिली. त्या लग्नाला आल्या नाहीत.

परतताना रिक्षात मी आईला पहिल्यांदाच विचारलं, "त्या दिवशी तू बोलली का नाहीस?"

आई म्हणाली, "बोलणार होते. शब्दसुद्धा तोंडात आले होते. पण मला वाटलं, मी आता बोलून मोकळी होईन आणि तुला त्या घरात राहायचंय. तुला कुठे काही दुखलं-खुपलं तरी त्यांना हेच आठवलं असतं."

हे मला तोवर सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं मी मनात आईला दोष देत होते. ती गप्प बसली होती ती माझ्यासाठी. मी तिचा हात धरला, पण तिने तो सोडवून घेतला आणि म्हणाली, "म्हणून ते बरोबर ठरत नाही."

भावाच्या लग्नाचे फोटो सीडीवर आले. हजाराच्या वर असतील. एकदा सगळ्यांनी मिळून बघितले, पुन्हा कुणी बघितले नाहीत. माझ्या लग्नाच्या शूटिंगच्या कॅसेटला बुरशी लागली, तिचाही काही उपयोग राहिला नाही. लग्न लागतानाचं माझ्याकडे जे काही आहे ते त्या पुसट फोटोंतच. माझी मुलं विचारतात, "आई, यात तू कुठली?" मी बोट ठेवून दाखवते.

काही वर्षांनी त्या स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान झालं. मी तिथे चौकशी केली. दुकानदाराला फक्त एवढंच माहीत होतं की बाई मुलीकडे राहायला गेल्या. कुठे, ते त्याला सांगता आलं नाही. आजूबाजूच्या दुकानांतही विचारलं. कुणी पुणे म्हणालं, कुणी ठाणे.

बाबा गेल्यावर आई फारशी बाहेर पडत नाही. मी नाशिकरोडहून आले की चप्पल काढायच्या आत ती विचारते, "त्यांचं काही कळलं का गं?" मी नाही म्हणते. एकदा मी विचारलं, "भेटल्या तर काय सांगशील त्यांना?"

"ते त्यांनाच सांगेन," आई म्हणाली आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.